विचारणाऱ्याचं कुलूप

एका तालुक्याच्या गावात चार यंत्रांचं एक रुग्णालय होतं. यंत्रं रक्त धुण्याची. ज्यांची मूत्रपिंडं थकली, त्यांनी आठवड्यातून दोनदा यायचं, चार तास यंत्राशेजारी पडून राहायचं आणि पुढच्या पाळीपर्यंतचं आयुष्य घेऊन घरी जायचं. पाळी चुकली तर अंगात पाणी साठे, धाप लागे. त्याहून उशीर झाला तर माणूस हाती लागेलच असं नसे. म्हणून त्या रुग्णालयात डॉक्टरांच्या खालोखाल मान होता तो पाळीच्या यादीला.

यादी पूर्वी वहीत असे. मग ती संगणकात गेली. तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिला तो गावातल्याच शरयू दातीरने. शरयू पुण्याला शिकली होती, चार वर्षं मोठ्या कंपनीत राबली होती आणि साहेबाशी भांडून परत आली होती. कामात चोख, जिभेने तिखट. चूक दिसली की ती कोणाची आहे हे सांगितल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे.

तिने दोन प्रोग्रॅम केले, दोन्ही पायथन या संगणकाच्या भाषेत. एक चालायचा रिसेप्शनच्या टेबलावरून. कोणाची पाळी बदलली, कोणाचा फोन नंबर बदलला की रिसेप्शनची मुलगी तो यादीत लिही. दुसरा वॉर्डाचा. तो रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला यादी वाचून उद्याचा तक्ता छापी. यादीची फाइल मात्र एकच. एक लिहीत असताना दुसऱ्याने वाचली तर अर्धवट वाचली जाणार. म्हणून शरयूने फाइलीला कुलूप लावलं. ज्याच्या हाती कुलूप, त्यानेच फाइलीला हात लावायचा. दुसऱ्याने थांबायचं.

पण रुग्णालयात डोईफोडे होते.

डोईफोडे हे तिथले जुने कारकून. सव्वीस वर्षं झालेली. रुग्णालयाच्या अध्यक्षांचा फोन आला, ‘अमक्याला जरा लवकरची पाळी द्या,’ की ते शरयूच्या प्रोग्रॅमच्या वाटेलाच जात नसत. साध्या एडिटरमध्ये फाइल सरळ उघडत, नाव वर सरकवत, जतन करत आणि चहाला जात. असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी एका म्हातारीची पाळी पुसली गेली. तिच्या मुलाने आरडाओरडा केला म्हणून तिला यंत्र मिळालं.

शरयू तरातरा रुग्णालयात आली.

“काका, मी फाइलीला कुलूप लावलेलं होतं.”

“मला काही दिसलं नाही बाई. उघडली, उघडली. पण म्हातारीच्या नावाला मी हातसुद्धा लावला नाही.”

“ते दिसायचं कुलूप नाही. विचारायचं कुलूप आहे. जो प्रोग्रॅम आधी विचारतो, ‘कोणी आत आहे का?’ त्यालाच ते थांबवतं. तुम्ही न विचारता घुसता, तुम्हाला कोण थांबवणार?”

“अहो, मग ते कुलूप कसलं? ती विनंती झाली.”

डायलिसिसच्या आबिदा सिस्टर तक्ता न्यायला आल्या होत्या. त्या हसल्या. “काका, आमच्या गल्लीतल्या न्हाणीला कडी नव्हती. आत जाणारी बाई भिंतीवर टॉवेल टाकायची. टॉवेल दिसला की बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. टॉवेल काय कोणाला धरून ठेवतो? पण थांबायच्या सगळ्या.”

“आणि कोणी न बघता शिरली तर?”

“मग दोघी ओरडायच्या.”

“मग कडीच लावा की!” डोईफोडे म्हणाले.

“लावते,” शरयू म्हणाली. “फाइल प्रोग्रॅमच्या नावावर करते आणि तुमचा लिहायचा हक्क काढून घेते. अध्यक्षांची सही आणा.”

अध्यक्षांनी सही दिली नाही. “अडीअडचणीला आपल्या माणसाला आत जाता आलं पाहिजे,” असं ते म्हणाले. ‘आपला माणूस’ या दोन शब्दांनी त्या गावात आजवर बरीच कुलपं उघडली होती. शरयूने तणतणत एक सोय केली. फाइल कधी कोरी सापडली, तर वॉर्डाच्या प्रोग्रॅमने आदल्या रात्रीची प्रत घ्यावी आणि तक्ता छापावा. डोईफोड्यांनी फाइल बिघडवलीच, तर निदान वॉर्ड अडू नये. आपण सगळ्या बाजूंनी बंदोबस्त केला, असं तिला वाटलं.

मग तो सोमवार आला.

सोमवारी सकाळी चारपैकी एक यंत्र बंद पडलं. त्या यंत्रावर पाळी होती हरबाजी घोलपांची. हरबाजी लग्नाच्या बँडचे मास्तर. बत्तीस किलोमीटरवरून एस.टी.ने येत. रिसेप्शनच्या मुलीने त्यांना सांगितलं, “मास्तर, आज परत जा. उद्या सकाळी पहिली पाळी तुमची. लिहिलंय बघा.” तिने खरोखरच लिहिलं होतं. हरबाजी परत गेले. त्यांची आधीची पाळी गुरुवारची होती.

मंगळवारी सकाळी ते आले तेव्हा चालताना दोनदा खाली बसले. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. तक्त्यात त्यांचं नाव नव्हतं. तक्त्यात ती जागा रिकामी होती, म्हणून आबिदा सिस्टरांनी प्रतीक्षेतल्या एका मुलीला पहाटेच बोलावून घेतलं होतं. तिच्या हातात सुया टोचलेल्या, यंत्र सुरू झालेलं. बाकीच्या दोन यंत्रांवरही माणसं. चौथं बंदच.

“सिस्टर, काल सांगितलं होतं मला,” एवढंच हरबाजी बोलू शकले. पुढचा श्वास त्यांना पुरला नाही.

जीपमध्ये घालून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं. वाटेत ऑक्सिजन लावावा लागला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, अर्धा तास उशीर झाला असता तर आणायचं कारण उरलं नसतं. दोन दिवस ते अतिदक्षता विभागात होते.

शरयूला हे दुपारी कळलं. तिने भाजी निवडायची परात बाजूला सारली आणि तशीच निघाली. रुग्णालयाच्या पायऱ्यांवर, पेशंटांच्या नातेवाइकांसमोर, तिने डोईफोड्यांना गाठलं.

“आता समाधान झालं? दोनदा सांगितलं होतं, विचारल्याशिवाय फाइल उघडू नका. माणूस मरत होता, माणूस!”

“बाई, मी सोमवारी हातसुद्धा लावला नाही.”

“म्हातारीच्या वेळीही हेच म्हणाला होतात.”

हे खरं होतं. त्या वेळी डोईफोडे खोटं बोलले होते. त्यामुळे आता त्यांच्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही. चहावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे म्हणाले, डोईफोड्यानेच केलं. अध्यक्षांनी शुक्रवारी चार वाजता सभा बोलावली. डोईफोड्यांना कामावरून काढायचं, हे सभेआधीच ठरल्यासारखं होतं. अध्यक्षांनी शरयूला निरोप पाठवला, “पुरावा घेऊन या.”

शुक्रवारी सकाळी शरयू पुरावा गोळा करायला बसली. तिला मोठा उत्साह होता. भांडणात पुरावा हाती असला की माणसाला एक वेगळंच बळ येतं.

आधी तिने यादी उघडली. तिला वाटलं होतं हरबाजींचं नाव पुसलेलं असेल. नाव जागेवर होतं. मंगळवार, पहिली पाळी, हरबाजी घोलप.

ती थबकली. यादी बरोबर, मग तक्ता चुकला कसा?

तिने वॉर्डाच्या प्रोग्रॅमची नोंद पाहिली. सोमवार, संध्याकाळी सहा. ‘यादी कोरी सापडली. कालची प्रत वापरली.’ ही ओळ तिनेच लिहून ठेवलेली होती. कालची प्रत म्हणजे रविवार रात्रीची. सोमवारी सकाळी झालेला बदल तीत असणारच नव्हता.

“म्हणजे सहा वाजता कोणीतरी फाइल कोरी केली,” शरयू स्वतःशी म्हणाली. “सापडले काका!”

तिने डोईफोड्यांच्या खात्याची नोंद काढली. ते शनिवारनंतर संगणकावर बसलेच नव्हते.

मग कोण? सोमवारी सहा वाजता यादीपाशी एकच जण आलेला दिसत होता. रिसेप्शनचा प्रोग्रॅम. त्या मुलीने एका पेशंटचा फोन नंबर दुरुस्त केला होता, सहा वाजून दोन सेकंदांनी. पण तो तर शरयूचाच प्रोग्रॅम. तो कुलूप मागितल्याशिवाय एक अक्षर लिहीत नसे.

तिने तो प्रोग्रॅम उघडला आणि स्वतः लिहिलेल्या ओळी, जणू दुसऱ्या कोणाच्या असाव्यात तशा, एकेक करून वाचल्या.

पहिली ओळ: फाइल लिहिण्यासाठी उघड.
दुसरी ओळ: कुलूप माग.
तिसरी ओळ: यादी लिही.

तीन ओळी. वर्षभर त्या तिच्या डोळ्यांखालून गेल्या होत्या आणि वर्षभर तिला त्या बरोबर वाटल्या होत्या. आता ती पहिल्या ओळीवर परत आली. पायथनमध्ये फाइल ‘लिहिण्यासाठी’ उघडली की ती उघडताक्षणी कोरी होते. लिहायला घेण्यापूर्वी पाटी पुसावी तशी. म्हणजे तिचा प्रोग्रॅम आधी पाटी पुसत होता, आणि मग अदबीने विचारत होता, कोणी वाचतंय का?

तिने खात्री करून पाहिली. पडद्यावरच्या एका खिडकीत वॉर्डाच्या प्रोग्रॅमला कुलूप धरून बसवलं. दुसऱ्या खिडकीत रिसेप्शनचा प्रोग्रॅम चालवला. कुलूप वॉर्डाच्या हाती होतं, तरी यादी गेली. एका क्षणात, सगळीच्या सगळी. आणि रिसेप्शनचा प्रोग्रॅम मात्र शहाण्यासारखा कुलपाची वाट बघत उभा. वॉर्डाने कुलूप सोडलं तेव्हा त्याने नवी यादी नीट लिहून ठेवली. मागे काही खूण नाही.

डोईफोडे न्हाणीवरचा टॉवेल न बघता शिरत होते, हे खरं. पण शरयू आतल्या बाईची बादली ओतून टाकत होती, आणि मग टॉवेलाकडे बघत थांबत होती.

वर तिनेच केलेली ती सोय. कोरी फाइल सापडली की कालची प्रत घे आणि पुढे चाल. डोईफोड्यांच्या चुकीवर पांघरूण म्हणून तिने ती केली होती. तिने झाकली तिचीच चूक.

दुरुस्ती सोपी होती. फाइल कोरी न करता उघडायची, कुलूप मागायचं, ते हाती आलं की मग पुसायचं आणि लिहायचं. एका ओळीत बदल आणि एक नवी ओळ. दहा मिनिटांत झालं. पुन्हा दोन खिडक्या उघडून तिने बघितलं. यादी हलली नाही.

आता फक्त प्रश्न उरला चार वाजताच्या सभेचा.

शरयूच्या मनाने तिच्याशी वकिली सुरू केली. चूक सुधारली आहे, पेशंटांना धोका उरला नाही. डोईफोडे या वेळी निर्दोष असतील, पण म्हातारीच्या वेळी दोषीच होते ना? अशा माणसाला घालवायची इतकी चांगली संधी पुन्हा येईल का? आणि तू खरं सांगितलंस, तर उद्यापासून तुझ्या कुलपावर कोण विश्वास ठेवील? तिचं मन चांगलं वाद घालत असे. आजवर ते नेहमी दुसऱ्यांशी घालत होतं.

दार वाजलं. बाहेर डोईफोडे उभे. हातात एक जुनी वही.

“आत येऊ का?”

“या.”

ते बसले नाहीत. “ही पाळ्यांची जुनी वही. संगणक यायच्या आधीची. मी गेल्यावर कोणी रद्दीत घालेल, म्हणून तुमच्याकडे द्यायला आणली.” मग म्हणाले, “म्हातारीची पाळी मीच पुसली होती. खोटं बोललो. अध्यक्षांचं नाव कसं घेणार? पण बाई, सोमवारचं माझं नाही. तुम्ही मानू नका, हरकत नाही. पण एक सांगा. मला काढून तुम्ही सगळे निवांत बसाल, आणि खरं कारण तिथंच राहिलं तर? परत कोणी हरबाजी बाहेर बसला तर?”

ज्याला ती वर्षभर बेफिकीर म्हणत होती, तो माणूस नोकरी जाताना पुढच्या पेशंटची चौकशी करत होता. आणि ती स्वतः इतका वेळ कसली चौकशी करत होती?

“सभेला या काका,” ती म्हणाली. “वही घरी ठेवा.”

चार वाजता सभा भरली. अध्यक्ष, दोन विश्वस्त, डॉक्टर, आबिदा सिस्टर, आणि भिंतीला टेकून डोईफोडे.

“बोला शरयूताई,” अध्यक्ष म्हणाले. “पुरावा आणलात?”

“आणलाय. सोमवारी फाइल माझ्या प्रोग्रॅमने पुसली. डोईफोडेकाकांनी नाही.”

तिने तीन ओळी कागदावर लिहून टेबलावर ठेवल्या. पुसण्याची ओळ वर, विचारण्याची खाली. “माझी चूक. वर्षभर होती. मी ती शोधली नाही, कारण दोष कोणाचा हे मला आधीच माहीत होतं, असं मी धरून चालले. पायऱ्यांवर मी काकांना जे बोलले, ते खोटं होतं.”

अध्यक्ष जरा पुढे झुकले. आवाज मऊ केला. “अहो, हे तांत्रिक झालं. कोणाला कळतंय? तुम्ही हुशार मुलगी, नाव खराब कशाला करून घेता? डोईफोड्याने आधी गोंधळ घातलाच होता. त्याच्यावरच मिटवू.”

शरयूचा स्वभाव एका दिवसात बदलणारा नव्हता. ती उसळली.

“मिटवू? अध्यक्ष, काकांनी आधी फाइल दोनदा उघडली ती कोणाच्या फोनवर? मी कडी लावायला सही मागितली होती, ती कोणी दिली नाही? मी विचारायच्या आधी पुसलं. काकांनी न विचारता लिहिलं. आणि तुम्ही तर यंत्रावर झोपलेल्यालाही न विचारता पाळ्या वाटल्या. माझं मी सांगितलं. तुमचं तुम्ही सांगा.”

आबिदा सिस्टर खाली बघून म्हणाल्या, “माझंही एक आहे. तक्त्याखाली बारीक अक्षरात छापून येतं, ‘कालची प्रत वापरली.’ मी ते कधी वाचलं नाही.”

आता एकट्या डोईफोड्यांना काढणं अवघड झालं. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला आणि अध्यक्षांनी कडीच्या अर्जावर सही केली. त्या दिवसापासून फाइल प्रोग्रॅमच्या नावावर झाली. कोणालाही यादी बदलायची असली, तर कुलूप मागूनच बदलावी लागे. पहिल्या दिवशी डोईफोड्यांना तीन सेकंद थांबावं लागलं. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, “भारीच वेळ घेतं की हो!” पण थांबले.

शरयूलाही मोजावं लागलं. अध्यक्षांच्या संस्थेच्या दोन शाळांचं काम तिच्याकडे येणार होतं, ते दुसऱ्याकडे गेलं. गावात लोक म्हणू लागले, हीच ती, जिने मास्तरांना मारलं असतं. तिने कोणाशी भांडण काढलं नाही. भांडायला या वेळी समोर कोणी नव्हतं.

हरबाजी बरे होऊन पाळीला परत आले, त्या दिवशी ती त्यांच्या यंत्राशेजारी स्टूल घेऊन बसली. सगळं सांगितलं. ओळ कुठली, ती वर का नको होती, आपण दुसऱ्यावर कसं ढकललं. हरबाजी डोळे मिटून ऐकत होते. नळीतून रक्त जात होतं, येत होतं.

“माझ्या बँडात,” ते शेवटी म्हणाले, “एखादा पोरगा असतो, आधी फुंकतो आणि मग माझ्या हाताकडे बघतो. सूर त्याचा चांगला असतो. बघतोही तो. पण फुंकून झाल्यावर.”

“मग काय करता त्याचं?”

“काढत नाही. चूक कोणाची झाली असं विचारलं की हात वर करणारा असेल, तर मुळीच काढत नाही. तो पुढं सुधारतो. न करणारा मात्र कितीही चांगला वाजवू दे, वरातीत नेत नाही मी. रस्त्यात कुठं फसवील, सांगता येत नाही.” त्यांनी डोळे उघडले. “गुरुवारी माझं नाव आहे का तेवढं बघून ये.”

शरयू उठली आणि यादी बघायला गेली.

तात्पर्य: कुलूप अडवतं ते विचारणाऱ्यालाच, म्हणून हात लावण्याआधी विचारावं, आणि दुसऱ्याने विचारलं नाही असं ओरडण्याआधी, आपण विचारलं ते पुसण्यापूर्वी की पुसल्यावर, हे तपासावं.